चिऱ्यांवरची गाडी

दादा, तू गेलास त्यानंतरचा हा सहावा रविवार. सकाळी साडेनऊला मी चहा घेऊन पडवीत बसले आणि कान अंगणापलीकडच्या मांगराकडे लावले. आवाज येणार नाही हे मला कळत होतं, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. तरीही साडेनऊचे पावणेदहा होईपर्यंत तशीच बसून राहिले. चहा निवून गेला. तो तसाच माडाच्या आळ्यात ओतला आणि उठले.

वाचनालयाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून मागितली आहेत. तशी सोपी होती. भाई ड्रायव्हर, उभा जन्म स्टिअरिंगवर, कुणाच्या अंगाला ओरखडा नाही, लग्न केलं नाही, विधवा होऊन माहेरी आलेल्या बहिणीला आधार दिला. इतकं लिहून सही केली असती तर सुटले असते, वाचणाऱ्यांनी मान हलवून पान उलटलं असतं. पण लिहायला बसले की ते लिहवत नाही. सांगायला हवं ते दुसरंच आहे आणि ते मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. तुला ते ठाऊक नाही अशा समजुतीत मी गेल्या गुरुवारपर्यंत जगले.

मी भित्री, हे तर तू उभ्या गावाला सांगून ठेवलं होतंस. खाडीकाठी जन्मून होडीत डोळे मिटून बसणारी ही एकटीच, म्हणायचास. भित्री भागूबाई हे नाव शाळेतल्या पोरांच्या आधी तूच ठेवलंस. मी चिडायचे, पण त्यात खोटं काही नव्हतं. विहिरीत वाकून बघायला मी भ्यायचे. शाळेच्या तपासणीला साहेब आले की माझ्या हातातला खडू मोडायचा. आणि मोटारींचं तर विचारूच नको. अशा बाईला देवाने भाऊ दिला तो ड्रायव्हर.

आपल्या मांगरात पूर्वी गवत आणि शेणी असायच्या. मग गावातले डॉक्टर पुण्याला मुलाकडे राहायला गेले आणि जाताना आपली अँबॅसेडर तिथे लावून गेले, गणपतीला येऊन नेतो म्हणाले. ते गणपती आले आणि गेले, पुढचेही गेले. मग आपल्या गावातले मिनेझिस नोकरीसाठी बाहरीनला निघाले. त्यांनी आपली फिकट निळी हेराल्ड गाडी आणून लावली, चावी तुझ्या हातात दिली आणि नाताळचा वायदा केला. पहिल्या नाताळला कार्ड आलं, नंतर तेही बंद झालं. तू मात्र जेटीवरून जुन्या शिडाचं कापड आणून दोन्ही गाड्यांवर पांघरलंस, टायर जमिनीला लागून कुजू नयेत म्हणून गाड्या चिऱ्यांवर चढवल्यास, उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून पाला टाकत राहिलास. मी कुरकुरायचे, की आपला मांगर म्हणजे विसरलेल्या गाड्यांची धर्मशाळा झालाय.

"इसारले नाय गो," तू म्हणायचास. "येवक जमला नसतला."

तुझी स्वतःची ती काळी डुक्कर फियाट. ट्रक सोडल्यावर घेतलीस, भाड्याने फिरवायचास आणि लेकीसारखी पुसायचास. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आपण तिच्यातून आईला कोल्हापूरहून आणत होतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी तिला घेऊन मागे बसले होते. फोंड्याचा घाट निम्मा उतरलो असू, तेव्हा मला तुझा उजवा गुडघा दिसला. तो वर येत होता, खाली जात होता, परत वर येत होता. गाडीचा वेग कमी होत नव्हता. तू मागे वळला नाहीस. रोजच्या आवाजात म्हणालास, "बाय, आवशीक घट धर."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गिअरची कर्कश ओरड, हँडब्रेक, डाव्या अंगाला धावणारी दरड. तू पुढचं चाक डोंगराकडच्या गटारात उतरवलंस आणि गाडी दरडीला घासत घासत उभी राहिली. धूळ बसली. आईने पट्टीआडून विचारलं, "घर इला?" तू म्हणालास, "इला, आये. वायच बस." खाली फोंड्याच्या बाजारात पोचल्यावर तू हॉटेलात तीन पेले पाणी प्यालास आणि जमलेल्या लोकांना तीच गोष्ट हसत हसत सांगितलीस. लोक तुझी पाठ थोपटत होते. मी आईचा हात धरून बाकावर बसले होते आणि माझे दात वाजत होते, मे महिन्यात.

फियाट ट्रकला बांधून घरी आणलीस आणि तिलाही चिऱ्यांवर चढवलीस. ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेला होता. इतक्या जुन्या गाडीचा पार्ट मिळायचा कुठे? कोल्हापूरचा दुकानदार म्हणाला, शोधतो. तोवर तू जेटीवर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागलास. आई त्याच पावसाळ्यात वारली. मी शाळेत जात होते, भाकऱ्या करत होते, आणि जरा डोळे मिटले की तुझा गुडघा दिसत होता, वर-खाली होणारा. मला वाटायचं, पार्ट मिळूच नये. तू काठावर बसून होड्यांची इंजिनं ठोकत म्हातारा व्हावास आणि घरी मरावास.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी शाळेसमोर कोल्हापूरची एसटी थांबली आणि कंडक्टरने खिडकीतून एक पार्सल माझ्या हातात दिलं. भाईंचा पार्ट आहे, म्हणाला. पुठ्ठ्याचं लहानसं खोकं, तपकिरी कागद, सुतळी. वजनाला जड. मी ते वह्यांच्या पिशवीत घातलं. घरी येईपर्यंत तुलाच द्यायचं मनात होतं, शपथ घेऊन सांगते. उंबऱ्यात पाय ठेवला आणि आतल्या खोलीत गेले. आईची ट्रंक उघडली, पार्सलची सैल झालेली सुतळी पुन्हा गाठ मारून बांधली, ते तिच्या लुगड्यांखाली सारलं आणि झाकण लावलं. विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. भीतीने केलं.

महिन्याभराने तू दुकानदाराला फोन लावलास. त्याने कधीच पाठवलंय म्हणून सांगितलं, आणि तेवढा एकच नग होता, आता दुसरा मिळणं कठीण. तू कंडक्टरला गाठलंस. त्याने खरं ते सांगितलं, बाईंच्या हातात दिलं. संध्याकाळी तू मला विचारलंस. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता मी म्हटलं, "नाय."

तू परत विचारलं नाहीस. हरवला असेल, म्हणालास. कंडक्टरच्या शब्दापुढे तू माझा शब्द घेतलास आणि तो भला माणूस पुढे कितीतरी दिवस तुझ्यापासून तोंड चुकवत होता. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या सोपेपणाचीच मला मग भीती बसली.

आणि एवढ्यावर मी थांबले नाही. त्याच आठवड्यात आपल्या वाडीची राखण होती. तुम्ही पुरुष मंडळींनी वडाखालच्या जागेवाल्याला, वाडीच्या राखणदार देवाला, नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, गुराढोरांचं नि होड्यांचं रक्षण मागितलं, सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी एकटी तिथे गेले. बाईमाणसाने एकटीने गाऱ्हाणं घातलेलं तू कधी ऐकलंयस? मी घातलं. "बा जागेवाल्या म्हाराजा, भावाची गाडी चिऱ्यांवरसून खाली येवक देवू नको. दरवर्सा नारळ दितंय." मग गप्प उभी राहिले. ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तेही मीच म्हटलं. नवस असा करायचा नसतो, मागणारा आणि होकार देणारा एकच. परतताना मी मागे वळून बघितलं नाही आणि पुढे दरवर्षी न चुकता नारळ नेत राहिले. तू समजायचास, बाय आपल्यासाठी नारळ ठेवते. तसं ते खरंही होतं.

तू गाडीचा नाद सोडला नाहीस. दर रविवारी साडेनऊला बॅटरी जोडून इंजिन चालू करायचास, नाहीतर आखडतं म्हणायचास. चाकं जमिनीपासून वीतभर वर आणि गाडी धडधडतेय. वाडीतले चेष्टा करायचे, भाईंची गाडी निघाली. तू मला हाक मारायचास, "बस गो बाय. खंय जावया?" चिऱ्यांवरच्या गाडीत बसायला मी तयार असायचे. तू गिअर टाकायचास, मागची चाकं हवेत फिरायची, सगळी गाडी आतून गुरगुरायची. मी म्हणायचे विजयदुर्ग, की तू स्टिअरिंग धरून वळणं सांगायला लागायचास, डावीकडे आमराई, उजवीकडे खाडी. मी म्हणायचे आरोंदा, की तू तिथल्या होडीच्या तरीवर गाडी थांबवून मला उतारू मोजायला लावायचास. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून म्हणायचास, "इलो घरी. उतर." माझ्या आयुष्यात मी सुखाने केलेले प्रवास ते तेवढेच. त्या अर्ध्या तासात मला कशाचीच भीती वाटायची नाही, कारण गाडी कुठे जाणार नाही याची तजवीज मीच करून ठेवली होती.

पार्सल आलं त्यानंतर तीन वर्षांनी मी प्रशिक्षणाला आठवडाभर कुडाळला होते. परत आले तर आईची ट्रंक दुसऱ्या भिंतीला.  तू सहज सांगितलंस की कौलं फुटून पाणी गळत होतं, म्हणून सरकवली. तू जेटीवर गेल्यावर मी झाकण उघडून लुगड्यांखाली हात घातला. पार्सल होतं. सुतळी होती, माझी गाठ होती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि देवाचे आभार मानले. पुढे दरवर्षी लुगड्यांना ऊन दाखवायच्या निमित्ताने मी हात घालून बघायचे. दरवर्षी ते हाताला लागायचं.

त्या कुडाळनंतरच्या रविवारपासून तू नवंच काढलंस. चाक फिरत असताना मला म्हणायचास, "उतर आणि मागला चाक बघ." मी नाही म्हणायचे. फिरत्या चाकाजवळ जायला मला वेड लागलंय? तू म्हणायचास, नुसतं बघ, लांबून बघ. आणि आणखी एक. "तू सांगशीत त्या दिसाक चिरे काढतलंय." मी विचारायचे, पार्ट कुठाय? तू म्हणायचास, "तू सांग आदी." मला ती थट्टाच वाटायची, भित्र्या बहिणीची. आणि भीतीही वाटायची, की हा मला खेळवतोय का, याला काही कळलंय का. मग हात घालून बघितलेलं पार्सल आठवायचं आणि जीव थाऱ्यावर यायचा.

एका रविवारी मी भडकले, आठवतंय? उतर, चाक बघ, उतर, चाक बघ. मी ओरडले की तुला स्वतःचा जीव नकोसा झालाय आणि माझाही, त्या घाटात एकदा वाचलो तेवढं पुरे नाही का, ही गाडी खाली आलेली मला जिवंतपणी बघायची नाही. तू इंजिन बंद केलंस.  मग म्हणालास, "बरां." त्यानंतर तू मला कधी चाक बघायला सांगितलं नाहीस. खंय जावया, एवढंच विचारत राहिलास. मला वाटलं, मी जिंकले.

आता तो दिवस. लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलेय. देवीच्या जत्रेचा दिवस, गाव निम्मं रिकामं. दुपारी तू मांगराच्या दारातल्या बाकावर बसला होतास. मी सुपारी द्यायला आले तर तुझा सदरा घामाने भिजलेला आणि हात छातीवर. मी ओरडले तसा शेजारचा इनास धावत आला. त्याने मोबाइलवरून ओळखीच्या सगळ्या रिक्षावाल्यांना फोन लावले. सगळे जत्रेला. इनासाचा स्वतःचा टेम्पो त्याचा भाऊ जत्रेची माणसं घेऊन गेलेला. शेवटी एक रिक्षावाला येतो म्हणाला, पण त्याला यायला तासभर तरी लागणार होता.

इनासाने मांगरात बघितलं. "बाई, भाईंची गाडी आसा मां. चिरे काढूक कितकोसो येळ? मी चलवतंय."

मी म्हटलं, "तिका ब्रेक नाय."

तेव्हा तू डोळे उघडलेस. "आसत गो," म्हणालास. "ब्रेक आसत. चिरे काढ."

दादा, मी नीट ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण मला माहीत होतं की ब्रेक नाहीत. ब्रेक आईच्या ट्रंकेत होते, मी स्वतः गेल्याच वर्षी हात लावून बघितलं होतं. मला वाटलं तू भ्रमात बोलतोयस, नाहीतर हट्टाने. मी तुझ्या कपाळावरचा घाम पुसला आणि म्हटलं, "गप रव. माका म्हायत आसा." इनास एकदा तुझ्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे. आपल्या दारातून सुटणारा तो सरळ उतार, दोन वळणं आणि खाली खाडी. मी त्याला सांगितलं की गाडी खाली येता कामा नये, सगळे खाडीत जाल. आडव्या पडलेल्या माणसापेक्षा उभ्या असलेल्या बाईचं ऐकायचं, असं त्याने ठरवलं. तू आणखी एकदा म्हणालास, चिरे काढ. 

रिक्षा आली ती सव्वा तासाने. वाटेत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "भियां नको." तालुक्याच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर स्ट्रेचर आलं तेव्हा तू नव्हतास. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मी विचारलं, किती उशीर? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी परत विचारलं. ते दुसऱ्या पेशंटकडे गेले.

तेव्हापासून मी इनासाच्या डोळ्यांना डोळा दिला नव्हता. तो मासे आणून पायरीवर ठेवायचा आणि जायचा. मला भीती होती ती एकच, की कुणीतरी एक दिवस ती गाडी तपासेल, आणि मग प्रश्न विचारेल की पार्ट आला होता तो गेला कुठे. पार्ट आधीच बसवलेला असता तर तू वाचला असतास, हा हिशेब मी रोज करत होते. मी लपवला, म्हणून ब्रेक नव्हते. ब्रेक नव्हते, म्हणून तू गेलास. इतकं सरळ होतं ते, असं मला वाटत होतं.

गेल्या गुरुवारी मिनेझिसांचा मुलगा आला. तुझी बातमी त्याला गोव्यात कुणाकडून तरी कळली. बरोबर कुडाळचा एक मेस्त्री होता. वडील तिकडेच वारले म्हणाला, शेवटपर्यंत हेराल्डबद्दल विचारत होते, दरवर्षी यायचं ठरवायचे आणि रजा मिळायची नाही. शिडाचं कापड बाजूला केलं, निळा रंग बघितला आणि तो मोठा माणूस बॉनेटवर हात ठेवून रडला. तुझं खरं होतं, ते विसरले नव्हते. हे तुला सांगायला मी वळले, आणि तू नव्हतास.

मेस्त्री तोवर फियाटजवळ गेला.  मी घाईघाईने म्हटलं की चला, कोकमाचं सरबत करते, ती गाडी बिघडलेली आहे, तिच्यात काही बघण्यासारखं नाही. पण तो आत बसलाही होता. त्याने शिडाचं कापड काढायला आलेल्या इनासाला मागचं चाक हाताने फिरवायला सांगितलं. चाक गरगर फिरलं. मेस्त्रीने ब्रेकचं पॅडल दाबलं आणि चाक जागच्या जागी थांबलं. परत फिरवलं, परत थांबलं. त्याने खाली वाकून टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "मास्टर सिलिंडर नवीन घातलाय. कोणी घातला? हात चांगला आहे."

इनासाने माझ्याकडे बघितलं. मी घरात गेले.

ट्रंकेतलं पार्सल काढलं. गाठ माझीच, दोन वेढे आणि वर फूल, शाळेच्या दप्तरांना बांधते तशी. ती सोडली. तपकिरी कागदाच्या आत वर्तमानपत्र होतं, मी कुडाळला होते त्या आठवड्यातलं. आणि वर्तमानपत्राच्या आत जुना, गंजलेला सिलिंडर, घाटातला. तू नवा काढून गाडीला बसवला होतास आणि जुना माझ्यासाठी बांधून ठेवला होतास, माझी गाठ शिकून. वजन तेच लागावं म्हणून. दरवर्षी मी लुगड्यांखाली हात घालेन तेव्हा हाताला काहीतरी लागावं म्हणून.

नऊ वर्षं, दादा. नऊ वर्षं गाडी धडधाकट होती आणि तू ती चिऱ्यांवरच चालवलीस, मी सांगेन म्हणून. चाक बघ म्हणालास ते यासाठी. मी एकदा उतरून चार पावलं मागे गेले असते तर फिरणारं चाक थांबताना बघितलं असतं. बाकी काही करायचंच नव्हतं.

तुझ्यावर मी रागावलेय, हेही लिहून ठेवते. एकदा तोंड उघडून सांगायचं होतंस. बहीण भित्री आहे म्हणून तिला तिची भीती अशी जपून ठेवायला द्यायची असते का? थोबाडीत मारायची होतीस, पार्सल पुढ्यात आपटायचं होतंस. आणि त्या दिवशी तरी. बाय, पार्सल मी उघडलंय, एवढंच म्हणायचं होतंस, मी स्वतः चिरे उचलून फेकले असते. गुरुवारपासून मी याचाच विचार करतेय, की तेवढंच तू का बोलला नाहीस. आणि मला एकच उत्तर मिळतंय. इनास उभा होता. इनासासमोर तू मला चोर ठरवणार नव्हतास. छातीत कळा येत असताना तू माझी लाज राखत होतास, आणि मी तुला म्हटलं, गप रव.

आज सकाळी चहा माडाला ओतून मी इनासाला हाक मारली. त्याला मांगराच्या दारातल्या त्याच बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. पार्सल, ट्रंक, ‘नाय’ म्हटलं ते, नवस.  तो हळू आवाजात म्हणाला, "भाई शुद्धीत होते, बाई. माका तेव्हाच वाटलेला."

हेच मी ऐकायला भीत होते. ऐकलं.

आम्ही आधी वडाखाली गेलो. नारळ ठेवला आणि मी गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, भीतीने मागितलं होतं ते परत घेते, गाडी खाली आणते, राग धरू नको. मग थांबले. इनास तर क्रिस्तांव, गळ्यात क्रूस. त्याने हात जोडले आणि तोच म्हणाला, "व्हय म्हाराजा."

चिरे काढायला वीस मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं. तुझी गाडी जमिनीवर टेकली तेव्हा ती केवढी ठेंगणी आहे हे मला आठवलं. बॅटरी उतरलेली होती, इंजिन चालू होईना. टेम्पोची बॅटरी आणतो, इनास म्हणाला. मी नको म्हटलं. उतार आहे, तशीच सोड. त्याने एकदा विचारलं, नक्की? तो स्टिअरिंगवर बसला, मी शेजारच्या सीटवर बसून दार ओढून घेतलं. माझे दात वाजत होते.

गाडी आवाज न करता सुटली. पहिलं वळण गेलं. वेग वाढला, वाऱ्याने माझा पदर उडाला. डोळे मिटले असते तर तुझा गुडघा दिसला असता, म्हणून मी ते मिटले नाहीत. दुसऱ्या वळणावर खाडी समोर आली, भरतीची, काठोकाठ. इनास माझ्या सांगण्याची वाट बघत होता, तुझ्यासारखीच. मी म्हटलं, ब्रेक लाव.

गाडी थांबली, दादा. मी दार उघडून उतरले, मागे गेले आणि चाक बघितलं.